टवक्याचा गवा

गडमुडशिंगीच्या शाळेतल्या दुसरीच्या पोरांना गव्याच्या खुराचा ठसा हवा होता. खराखुरा, चिखलातला, प्लास्टर ओतून काढलेला. प्रदर्शनातलं एक टेबल त्यासाठी रिकामं ठेवून ही मोहीम गारगोटीच्या पुढल्या जंगलात, निसर्ग शिबिराला निघाली.

मोहिमेच्या सेनापती शिवलीलाबाई. त्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. शिबिराच्या पत्रकावर ‘हमखास गवा’ वाचल्यापासून तर त्यांची भुवई खाली आलीच नव्हती. जंगलात ज्याची हमी मिळते ते जंगलातलं नसतं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

सर्वांत पुढं शिबिराचे संचालक राजवर्धन सर. टोपीपासून बुटापर्यंत झाडीच्या रंगाचे. करवंदीच्या काट्यांतून वाट काढत, निसरड्या दगडांवरून पोरांना हात देत ते ओढ्याकाठी आले आणि एकदम थांबले.

“शूऽऽ! खूर!”

चिखलात ओळीनं ठसे! पोरं हरखली. सरांनी लगबगीनं पहिल्या ठशात प्लास्टर ओतलं. बाई मात्र पुढच्या ठशांपाशी उकिडव्या बसल्या. एकाच्या डाव्या टोकाला टवका उडालेला. दुसऱ्याला तोच टवका. तिसऱ्यालाही.

“सर, ह्या गव्याचे चारी पाय एकसारखे कसे?”

“जात असती एकेक, म्याडम.”

“आणि तुमच्या पिशवीतनं दांडा बाहेर आलाय, त्याच्या टोकाच्या लाकडी खुराला चिखल कसला?”

सर बुटांकडं बघायला लागले. “पोरं लांबनं येत्यात. काय दिसलं न्हाय की रडत्यात की वो.”

बाईंनी तिथल्या तिथं धडा घेतला. “ऐका रे! हे सगळं खोटं आहे. हात लावून तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही!”

“नाही बाऽऽई!”

एवढ्यात जाळीमागून आवाज आला. फुर्रर्र!

“आता स्पीकर का?”

“म्याडम,” सरांचा चेहरा प्लास्टरसारखा झाला, “माझ्याकडं स्पीकर न्हाय.”

“कळलं!” बाई तरातरा जाळीपाशी गेल्या. “कोण आहे रे आत? बंद कर ते!”

जाळी हलली. तिच्या वर, चांगलीच वर, शिंगं दिसली. मग कपाळ. मग काळंभोर धूड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. बाई जागीच थिजल्या.

आणि त्यांच्या बगलेखालून दुसरीतलीच एक पोर, भूमिका, पुढं सरकली. हात लांब करून!

“बाई, तपासून बघते. रबराचा हाय न्हवं?”

ओरडावं तर गवा बिथरणार! एक पाऊल. दुसरं! गव्यानं मान खाली घातली. खुरानं माती उकरली!

“भूमिका, खरा आहे गं,” बाई कशाबशा कुजबुजल्या.

“तुमीच म्हणला की खोटं.”

तेवढ्यात गव्यानं शेपटी उचलली. पच्च! पच्च! वाफाळतं शेण पडलं. भूमिकाच्या घरी म्हशींचा गोठा. तिनं नाक वर केलं, वास घेतला आणि हात हळूच मागं घेतला.

“बाई, खरा हाय की वो.”

बाईंनी तिचा फ्रॉक पकडला. “आगगाडी!”

जेवायला जाताना पोरं रोज आगगाडी करत, एकमेकांचे कपडे धरून. आज ती पहिल्यांदाच उलटी निघाली. गव्याकडं तोंड करून इंजिन झालेल्या बाई. न सांगता गार्डाच्या डब्यात जाऊन उभे राहिलेले सर. शिट्टी नाही. रडणं नाही. कुणाची चप्पल चिखलात रुतली, रुतू दिली. एक पाऊल मागं. आणखी एक! पलीकडच्या काठावर सगळे पोचेपर्यंत गवा त्यांच्याकडं संशयानं बघत उभा होता. मग तो वळला आणि संथपणे झाडीत गेला. ओल्या मातीत त्याचे ठसे मागं राहिले, एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

“बाई, प्लास्टर उरलंय! घेऊया?” मल्लेशनं विचारलं.

झाडीत अजून काटक्या मोडत होत्या. बाईंनी पोरांवरून एकदा नजर फिरवली.

“नको. राहू दे त्याचा त्याच्यापाशी.”

सरांचं वाळलेलं प्लास्टर तेवढं, ते मागाहून एकटेच जाऊन घेऊन आले म्हणून, शाळेत आलं. प्रदर्शनात ते टेबलावर ठेवलं होतं आणि खाली भूमिकाच्या अक्षरात पाटी होती: ‘हा ठसा राजवर्धन सरांचा आहे.’

शाळा समितीचे हंबीरराव वाकून टवका बघत राहिले. “आणि खरा गवा दिसला म्हणता, त्याचा पुरावा?”

बाई तोंड उघडणार तोच भूमिका म्हणाली, “हाय की. तिथंच टाकलाय त्यानं. जावा, वास घ्या.”