गटारीवरचा शिलालेख

"दगडाला काय पाय फुटले?" ओबळेश ओरडला.

तलावाच्या बांधावर शिलालेखाच्या जागी नुसता खड्डा होता! दसऱ्याच्या सुट्टीत सरांनी या तिघांच्या वर्गाला 'आपल्या वस्तीचा इतिहास' लिहून आणायला सांगितला होता. मारक्काला मात्र तो दगड गुणांसाठी नको होता. तलाव तिच्या वस्तीतल्या लोकांनी खोदला आणि बांधावरची वाट कायमची त्यांची, असं त्यावर कोरलंय, हे तिचे अज्जा नेहमी सांगत. आणि पंचायत तीच वाट कुंपण घालून बंद करणार होती. "तुम्ही मागून आलेली माणसं," असं अध्यक्ष खुशाल सांगत फिरत होते.

"ट्रॅक्टरची चाकोरी बघा!" तिप्पेस्वामी म्हणाला.

चाकोरी थेट अध्यक्षांच्या दारात गेली. तिथं गटारीवर एक लांबलचक दगड टाकलेला होता. पालथा!

"मी शिरतो खाली," म्हणत ओबळेश वाकला, तोच अध्यक्षांची बायको धावत आली. "अय्यो! चांगल्या घरचा पोरगा तू, घाणीत काय शिरतोस? हो बाहेर!"

मारक्काने कोपऱ्यातला खराटा उचलला. "अम्मा, गटार साफ करू?"

"कर की! नीट कर गं, आतपर्यंत."

मारक्का सरपटत आत गेली. तिला कोण अडवणार? तिच्या वस्तीची माणसं गटारीतच शोभतात, अशी गावाची पक्की समजूत! संतापाने तिचे डोळे भरून आले. तरी तिने ओढणीने दगड पुसला, ठसा घ्यायला आणलेला कागद त्याला लावला आणि वरून कोळसा घासला. काळ्या कागदावर जुनी कन्नड अक्षरं पांढरी उमटली.

मुलांच्या ग्रामसभेत, म्हणजे पंचायत मुलांचं म्हणणं ऐकते त्या सभेत, सरांनी तो कागद अडखळत का होईना, पण मोठ्याने वाचला. वस्तीचं नाव होतं, वाटही होती! लगेच जाऊन दगड उलटवला, तेव्हा अध्यक्षांचं तोंड एवढंसं झालं.

"गवंड्याने आणला हो! मी काय वाचत बसलो होतो?"

कुंपण तिथल्या तिथे रद्द झालं.

"शाबास पोरी!" म्हातारी मंडळी कौतुकाने म्हणाली. "गटारीत शिरायलाही कचरली नाहीस!"

"माझा एक प्रश्न आहे," मारक्का म्हणाली. "ओबळेशला अम्मा बाहेर हो म्हणाल्या. मला का नाही म्हणाल्या?"

पंचायतीचा सेक्रेटरी चुळबुळला. "हेही वहीत लिहायचं?"

"लिहा," सर म्हणाले.

त्यानंतर तिला शाबास म्हणायला कुणी आलं नाही.