घनश्यामच्या हातातली वायर

हे मी कुणाला भिववायला लिहीत नाही. जे घडलं ते माझ्या सख्ख्या मावसभावासोबत घडलं. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला चहा तसाच निवून गेला होता.

आणि एक आधीच सांगतो.

ही रात्रीची गोष्ट नाही. वैशाखातल्या अवसेची, भर दुपारची आहे. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, बाराच्या उन्हात आपली सावली पायाखाली दडते. तेव्हा ज्यांना सावलीच नसते, तेही रस्त्याने निवांत चालून घेतात.

गाव सेलू. बबनराव सेठचं तिथे दुकान होतं. घरोघरी इंटरनेट द्यायचा धंदा. त्याचा लाइनमन घनश्याम खांबावर चढण्यापासून मशीनचा पासवर्ड ठेवण्यापर्यंत सारं एकटाच पाहायचा.

माघात घनश्याम गेला. पवनारच्या रस्त्याला, खांबावर. हातातली वायर विजेच्या तारेला लागली.

सेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगे, "पेऊन चढला. मी काय करू?"

घनश्यामची बायको रुखमा. सेठनं दया दाखवल्यासारखं तिला दुकानात झाडपुशीला ठेवलं. तिनं नवऱ्याला कधी दारूचा घोट घेताना पाहिलं नव्हतं. पण रोज त्याच दुकानात, त्याच माणसाच्या तोंडून, "पेऊन चढला" ऐकायचं आणि फरशी पुसायची. गेलेल्याचं नाव तेवढं तिच्याजवळ उरलं होतं. तेही असं मळवून टाकलेलं.

त्या दिवशी सकाळी अख्ख्या गावाचं इंटरनेट बंद पडलं. मागच्या खोलीतला राउटर पासवर्ड मागत होता, आणि पासवर्ड घनश्यामसोबत जळून गेला होता. सेठनं वर्ध्याहून माझ्या मावसभावाला, योगेंद्रला, बोलावलं.

योगेंद्रनं मशीन पाहिली. म्हणाला, "सेठ, पासवर्ड काढाले कन्सोल केबल लागते. थेट मशीनच्या कानात बोलाची वायर समजा. लॅपटॉपचा जोड आहे माझ्यापाशी, मधली वायर नाई."

"मंग?"

"बनवतो न इथंच. साधी वायर घ्याची. आत आठ रंगाचे तार राह्यतात. एका टोकाले ज्या क्रमानं लावले, दुसऱ्या टोकाले बरोब्बर उलटे लावाचे. पह्यला तो शेवटी, शेवटचा तो पह्यले. वायरीचा तुकडा द्या एखांदा."

सेठनं खिळ्याला टांगलेल्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं.

झाडू थांबला.

"थे नोका घेऊ भाऊ," रुखमा म्हणाली. "थे त्याईच्या हातातली हाय. हातातून सुटत नोयती, कापून काहाडली."

"वायरले काय सुतक लागते काय वो?" सेठ हसला. "चांगली वायर फेकून देऊ? घे रे तू."

रुखमानं सेठकडे पाठ केली. योगेंद्रकडे पाहून हळू म्हणाली, "मसनात नेताना वाटेतल्या इसाव्यावर तिरडी फिरवा लागते भाऊ. डोक्याकडचे खांदेकरी पायाकडं, पायाकडचे डोक्याकडं. म्हंजे गेल्या मानसाले घराची वाट सापडत नाई. यायनं त टेम्पोत टाकलं अन् सरके मसनात नेऊन जाळून आले. त्याईले कोनी फिरवलंच नाई. अन् तुमी आता वायर फिरवून राह्यले."

योगेंद्र शिकलेला. त्यानं मान हलवली, आणि वायर घेतली.

साल सोललं तसा जळक्या केसांचा वास आला…

जुनी वायर आहे, तापली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. आठ तारा सरळ केल्या. पांढरा-नारिंगीपासून तपकिरीपर्यंत, राखीचे रेशीम विंचरावे तशा. प्लगमध्ये बसवल्या. पक्कड दाबली.

कट्ट.

मागच्या खोलीतून…

कट्ट.

तिथे कुणी नव्हतं.

दुसरं टोक घेतलं. हाताला वर्षांची सवय, त्यानं तेही सरळ क्रमानेच लावून दाबून टाकलं. मग चूक ध्यानात आली. कापायला कात्री उचलली, प्लग उजेडात धरला…

रंग उलटे होते. तपकिरी पहिला, पांढरा-नारिंगी शेवटी.

एकही तार चुकली नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की रस्त्यावरून एकही गाडी जात नाही. कावळा नाही. समोरच्या रसवंतीच्या चरकाचे घुंगरू नाहीत. फक्त रुखमा. फरशीवर बसून ती आपल्याशीच गुणगुणत होती:

*खांबावरच्या पाखरा, नको पाहू खाली वाकून*
*माझा धनी गेला गं बाई, वाट अर्धी टाकून…*

"चुप बस वो!" सेठ खेकसला. "अन् तू काय पाहून राह्यला? मशीन बॅटरीवर चालू हाय. लाव वायर."

योगेंद्रनं मागच्या खोलीत जाऊन एक टोक राउटरला लावलं, दुसरं लॅपटॉपच्या जोडाला. सेठ मागोमाग आला, रुखमा उंबऱ्यात येऊन बसली. काळा पडदा उघडला. बटण दाबलं, की मशीननं आपलं नाव सांगायला हवं होतं.

नाव आलं नाही.

पांढरी अक्षरं एकेक करून उमटू लागली. कुणी सावकाश बोट दाबत असावं तशी. लोक मोबाईलवर लिहितात तशी, इंग्रजी अक्षरांत मराठी.

सेठ, चढू का…

योगेंद्रचे हात किबोर्डवर नव्हते. मांडीवर होते.

लाइन बंद आहे का…

"काय लिवलं भाऊ?" रुखमानं विचारलं. तिला ती अक्षरं येत नव्हती.

त्यानं वाचून दाखवलं. आवाज त्याचाच होता, पण घसा दुसऱ्याचा वाटला.

सेठचा चेहरा उतरला. ते बोलणं फोनवर झालं होतं. एका टोकाला सेठ, दुसऱ्याला खांबाखाली घनश्याम. तिसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं.

लाइन बंद आहे का सेठ… लाइन बंद आहे का सेठ…

पडदा भरत गेला.

"काहाड थे! बंद कर!" म्हणत सेठ पुढे झाला आणि त्यानंच वायर मुठीत धरली.

त्या वायरीत मुंगी मरेल एवढाही करंट नसतो. योगेंद्र अजून शपथेवर सांगतो.

पण सेठची मूठ उघडेना.

खांद्यापर्यंत हात थरथरू लागला. दात वाजू लागले. आणि त्याच दातांतून शब्द फुटले. "म्याच म्हनलं चढ… इजेची लाइन चालू होती, मले माहीत होतं… दुपारपावतो कनेक्शन द्याचं होतं… थो पेला नोयता… दोघाईले म्याच सांगतलं, पोलिसापाशी म्हना, पेताना पाह्यला…"

रुखमा उठून उभी राहिली.

योगेंद्र प्लग ओढायला वाकला. त्याच्या मनगटावर तिचा हात पडला. वैशाखात, त्या भट्टीसारख्या दुकानात, तो हात विहिरीतल्या पाण्यासारखा गार होता.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "बोलून राह्यले न थे. बोलू द्या."

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. सेठ पडला तेव्हा बाहेर एकदम रसवंतीचे घुंगरू वाजू लागले.

दवाखान्यात म्हणाले, हार्ट. मुठीत आठ बारीक काळ्या रेघा होत्या. त्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

त्या गडबडीत रुखमानं वायर काढली, वेटोळं केलं आणि पदराखाली धरून निघून गेली. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली आहे.

इथवर योगेंद्रनं एका दमात सांगितलं. मग थांबला. मला वाटलं, संपलं.

"मंग रुखमा माह्या घरी आली," तो म्हणाला. "वर्ध्याले. दुपारीच. म्हने, भाऊ, वायर तुटली. नवी बनवून देजा. साक्ष देनारे थे दोघं अजून हायेत."

"अन् तू दिली?"

त्यानं निवलेला चहा बाजूला सारला.

"तिच्या मांगं दारात कोन उभा होता, थे तू पाह्यलं असतं," तो म्हणाला, "त तूही नाई म्हनला नसता."