गाडी शेफालीचं ऐकते

धायरी फाट्याजवळ, ऐन सकाळच्या गर्दीत विश्वजीतचा ट्रक बंद पडला. छोटा, जुना ट्रक, मागे गुलाबाची रोपं खच्चून भरलेली. हॉर्नचा नुसता कालवा चालला होता. शेजारच्या गॅरेजमधून वैष्णवी बाहेर आली, तेव्हा तो एकटाच खांदा लावून ट्रक ढकलत होता.

"ऑटोमॅटिक आहे ना?" तिने आत डोकावून पाहिलं. "मग ढकलून चालू होणार नाही. तुम्हीच बंद पडाल."

तो वळून हसला... कपाळावर घाम, बाहीला माती. वैष्णवीने घाईघाईने बॉनेट उघडलं.

वडिलांच्या, म्हणजे दत्तोबांच्या, गॅरेजमध्ये वायरिंगची सगळी कामं तीच बघायची. त्या दिवशी तिने बॅटरीचे टर्मिनल घासून दिले आणि ट्रक चालू झाला. विश्वजीत वाघोलीला आपल्या नर्सरीत परतला आणि आठवड्याने पुन्हा दारात हजर. दिवे लख्ख लागत होते, पण किल्ली फिरवली की सेल्फचा आवाजच नाही. दहा वेळा फिरवावी तेव्हा एकदा गाडी चालू व्हायची. तिने सेल्फ उतरवून तपासला, किल्लीचा स्विच बदलला. दोष सापडेना. त्याच्या खेपा वाढल्या. काम होईपर्यंत चहा व्हायचा, कोणतं रोप उन्हाला भितं ते तो सांगत बसायचा. एकदा पाना घेताना बोटांना बोटं लागली — आणि दोघंही उगाचच ट्रककडे बघत राहिले.

पाचव्या खेपेला ट्रक शेफाली चालवत आली. विश्वजीत शेजारी बसला होता. ही माझी नर्सरीतली भागीदार, त्याने ओळख करून दिली.

"विशू, बाही बघ," म्हणत शेफालीने त्याची माती झटकलीसुद्धा. ती माती वैष्णवीला महिनाभर दिसत होती. तिला कधी धीर झाला नव्हता.

विश्वजीतने किल्ली फिरवून दाखवली. गाडी गप्प. वैष्णवीने फिरवली. गप्पच. मग शेफाली चढून बसली आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू.

"माझ्यापुढे हिचे नखरे चालत नाहीत," ती सहज म्हणाली.

वैष्णवीच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीनेसुद्धा हिचंच ऐकावं? तिने शेफालीला बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तपासायचं तर होतंच, पण खरं म्हणजे तिला शेफालीचा डावा हात नीट बघायचा होता. बोटात अंगठी आहे का...

अंगठी नव्हती. पण सेल्फ मारण्याआधी त्या हाताने गिअरचा दांडा पार्किंगमधून न्यूट्रलमध्ये ओढला होता.

वैष्णवी ट्रकखाली शिरली. ऑटोमॅटिक गाडी या दोनच जागी सेल्फ घेते, आणि दांडा कुठे आहे ते सांगायला एक छोटा स्विच असतो. तो पार्किंगच्या बाजूने झिजला होता. बाकी सगळे पार्किंगमध्येच किल्ली फिरवत होते. शेफाली मात्र साध्या गाडीच्या सवयीने आधी न्यूट्रल करायची.

"म्हणजे आता पुन्हा बंद पडणार नाही?" विश्वजीतने विचारलं.

"नाही. नवा स्विच बसवला की झालं. दोन दिवस गाडी इथे राहू दे."

"बरं," तो म्हणाला. वैष्णवीला वाटलं, सुटला बिचारा.

दोन दिवसांनी ट्रक न्यायला शेफाली एकटीच आली. वैष्णवीने किल्ली पुढे केली. शेफाली मात्र जागची हलली नाही.

"तू माझ्या बोटांकडे बघत होतीस," ती म्हणाली. "अंगठी नाहीये. दिवाळीत मी विचारलं होतं त्याला. नाही म्हणाला."

वैष्णवीला मान वर करवेना.

"खरं सांगू? राग येतो मला तुझा. पण माझ्यावरून तू उगाच जळत बसावंस, हेही नकोय मला."

तिने किल्ली वैष्णवीच्या तळहातावर परत ठेवली. आपल्याला शनिवार पेठेत काम आहे, ट्रक तूच नेऊन दे, असं सांगून ती रिक्षात बसली.

दत्तोबा बाकावरून सगळं ऐकत होते. "जातीस का उभीच ऱ्हातीस?" एवढंच म्हणाले.

अख्खं शहर ओलांडायचं होतं. प्रत्येक सिग्नलला वाटे, परत फिरावं. तो शेफालीला नाही म्हणाला, म्हणून आपल्याला हो म्हणेल असं थोडंच आहे? तरी ती गेली.

विश्वजीत कुंड्यांना पाणी घालत होता. तिला ट्रकमधून उतरताना पाहून त्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"गाडी नीट झाली," ती म्हणाली. "आता तुम्हाला यायला काही कारण नाही... म्हणून मी आले."

त्याने आधी नळ बंद केला.

"वाघोलीत गॅरेज नाही, असं वाटलं तुला?" पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला. "इथून धायरीपर्यंत वाटेत किती गॅरेजं लागतात, माहीत आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बॉनेटमधून डोकं कधी वर काढलंस?"

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला... या वेळी दोघांपैकी कुणीच ट्रककडे पाहिलं नाही.

"परत कशी जाशील?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

परत जायचा तिने विचारच केला नव्हता. "सोडाल ना?"

"सोडेन की. संध्याकाळी."

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.