गाठोड्यातली औषधं

त्या दिवशी जळकोट बंद होतं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून पुकारलेला बंद. चौकात सतरंजी टाकून माणसं बसली होती, त्यांच्या मागे नव्या जिल्ह्याचा भलामोठा फलक, आणि फलकाच्या सावलीत रिकाम्या घागरींची रांग. टँकर येणार की तोही बंदमध्ये अडकणार, कुणालाच माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. आमच्याकडे तर वाऱ्याबरोबर फक्त धूळ यायची. त्या धुळीने माझं नाक चोंदलं होतं आणि डाव्या कानाला दडा बसला होता.

उघडं होतं ते एकच दुकान, औषधांचं. मी ओढणी नाकाला लावून पायऱ्या चढले.

"सर्दीची गोळी द्या. नाक मोकळं करणारी. तीन-चार स्ट्रिप."

काउंटरमागचा तरुण उंच होता, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. "घरात इतक्या जणांला सर्दी हाय?"

"मला एकटीलाच. पण मी बाहेर चाललेय."

"बाहेर म्हंजे लातूर?"

"समुद्राखाली."

त्याचा हात खणावरच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या घागरींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मॅडम, इथं प्यायला पाणी न्हाई... अन् तुमी—"

"म्हणूनच जातेय."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. मला त्या हसण्याचा रागही आला आणि ते अजून जरा वेळ चालावं असंही वाटलं.

मग मी सांगितलं. मालवणजवळ तारकर्लीला मी पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जाते. आता दुसऱ्यांना शिकवण्याची परवानगी हवी, तर त्याची परीक्षा आहे. आखातातल्या एका बंदरगावी. त्याआधी थोडे दिवस घरी आले, तर ही सर्दी. नाक-कान मोकळे नसतील तर पाण्याखाली कानाचा पडदा फाटू शकतो.

त्याने काढलेल्या स्ट्रिप परत खणात ठेवल्या. "ह्या गोळीत एक औषध असं हाय, की काही देशांत ते खिशात घालून नेता येत न्हाई. तिथं चालतं का ते मी विचारून सांगतो. उद्या या."

"आणि आज?"

"आज वाफारा घ्या."

"पाणी कुठंय?"

त्याने खाली वाकून स्वतःच्या पिण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "घ्या. मी घरी जाऊन पितो." त्याच्या घरी तरी कुठला नळ वाहत होता!

"नाव काय तुमचं?"

"भुजंग."

चोंदलेल्या नाकाने हसणं फार वाईट दिसतं, तरी मी हसले. "फणा दिसत नाही."

"दुकानात काढत न्हाई," तो म्हणाला.

घरी अव्वाने माझी बॅग भरायला घेतली होती. अव्वाचं, म्हणजे माझी आई नीलाबाई हिचं, औषधांवर फार प्रेम. तापाच्या, पोटाच्या, डोकेदुखीच्या गोळ्या तिने कात्रीने एकेक कापून एका जुन्या रुमालात बांधल्या होत्या. कुठली कशाची, ते फक्त तिलाच ठाऊक. बाजूला एक पांढऱ्या कापडात शिवलेलं पुडकं होतं. शेजारच्या चांगुणामावशीचा मुलगा व्यंकटी त्याच देशात हॉटेलात कामाला. त्याला खोकल्याचं औषध पाठवायचं होतं.

"पोरगं आजारी हाय. तेवढं ने बाई," अव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं गाठोडं भुजंगच्या काउंटरवर ठेवलं. ऊन इतकं होतं, की दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघे समोरासमोर उभे राहून गोळ्या वेगळ्या करू लागलो. त्याने त्या देशाच्या वकिलातीत फोन करून विचारलं होतं. सर्दीच्या गोळ्या तिथे चालत नव्हत्या.

"नाव नसलेली गोळी न्यायची न्हाई. ही न्हाई. ही बी न्हाई... ही ताप-अंगदुखीची, ही चालंल. पण अशी कापलेली न्हाई, पूर्ण स्ट्रिप." एकदा आमची बोटं एकाच गोळीवर आली. त्याने हात मागे घेतला, मी घेतला नाही. गोळी तशीच पडून राहिली.

पुडक्याजवळ तो थांबला. "ह्यात काय हाय?"

"माहीत नाही. मावशीने शिवून दिलंय. उसवायचं कसं?"

"तुमच्या बॅगेत जाणार असंल तर उसवावं लागंल."

मी त्याच्या कात्रीने टाके उसवले. आत लाल औषधाच्या बाटल्या आणि दुखण्याच्या गोळ्या. त्याने लेबल वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. "हे चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध न्हाई. कुणी दिलं मावशीला? तिथं हे नशेच्या यादीत येतं. बॅगेत सापडलं ना, तर दोष ज्याची बॅग त्याचा. परीक्षा ऱ्हायली बाजूला... पोलीस."

मी बाटल्यांवरचा हात मागे घेतला. पण त्याहून मोठी भीती होती ती मावशीच्या दारात जाऊन नाही म्हणायची. व्यंकटी गेल्यापासून तिचं सगळं जगणं त्याच्या फोनभोवती होतं.

"मी येतो संगं," भुजंग म्हणाला आणि त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

चांगुणामावशीने आधी ऐकूनच घेतलं नाही. "आईचं औषध इख हाय का रे?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. भुजंग तिच्या ओसरीवर जमिनीला बसला. तिने व्यंकटीला फोन लावला, तसा भुजंगने त्याला शांतपणे विचारलं, खोकला कधीपासून, रात्री दम लागतो का, ताप आहे का. शेवटी म्हणाला, "दादा, उद्याच तिथल्या दवाखान्यात जा. मावशीला शब्द द्या." फोनवरून व्यंकटीने शब्द दिला. मावशी डोळे पुसत आत गेली आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. "हे तरी चालतंय का?" तिने भुजंगला विचारलं. मला नाही, त्याला.

परत येताना तो म्हणाला, "तुमी पोहायला शिकलात कुठं?"

मी त्याला आमच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं. विहीर ठणठणीत कोरडी होती. आम्ही दगडी पायऱ्यांनी अगदी तळापर्यंत उतरलो. लहानपणी मी श्वास कोंडून इथपर्यंत यायचे, तळाची माती मुठीत धरून वर न्यायचे आणि अप्पांना, माझ्या वडिलांना, दाखवायचे. आज तिथे आमच्या चपला धुळीत उमटत होत्या. वर आभाळाचा गोल तुकडा.

"मला पोहता येत न्हाई," तो म्हणाला. "तरी बघा, तळाशी आलो."

मी नाक दाबून हळूच हवा फुंकली. उजवा कान फटकन मोकळा झाला. डावा... नाही.

"उघडला?"

मी नकारार्थी मान हलवली. एकदम रडू आलं. "दुसरी कुठली गोळी नाही का? तेवढ्यापुरता उघडेल."

"असंल. पण पाण्याखाली असतानाच तिचा असर उतरला तर?"

मला माहीत होतं. वर येताना कानात हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं. मी ओढणीने डोळे पुसले. त्याने मला हात लावला नाही. नुसता माझ्याजवळच्या पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "मी बिलोलीकडचा. बौद्ध. तुमी लिंगायत. आपण दोघं हितं असं बसलेलं कुणी बघितलं तर..."

"वरून बघायला कुणी येत नाही. पाणी नाही ना."

हे बोलताना आम्ही दोघेही हसलो नाही.

निघायच्या दिवशी तो एसटी स्टँडवर आला. एका पारदर्शक पिशवीत मोजकीच औषधं: पूर्ण स्ट्रिप, त्यांची नावं स्पष्ट दिसतील अशी, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. नाकात मारायचा मिठाच्या पाण्याचा फवाराही. "हातातल्या बॅगेत ठेवा," एवढंच म्हणाला. हैदराबादची गाडी सुटली तेव्हा तो हात हलवायचाही विसरला होता.

तिकडच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने पिशवी उचलली, नावं वाचली, चिठ्ठी पाहिली आणि परत दिली. मी पुढे निघाले. त्या लाल बाटल्या डोळ्यांसमोर येत होत्या.

आणि मग समुद्र. निळा, स्वच्छ, आणि मी नावेवर बसलेली, डावा कान अजून बंदच. बाकीचे एकेक करून पाण्यात उतरत होते. बरोबरच्या एका मुलीने मला तिच्याजवळची गोळी देऊ केली. तिथे राहणारी होती ती, तिला डॉक्टरांनी लिहून दिलेली. "एकच घे, काही होत नाही."

गोळी हातात घेऊन मी भुजंगला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी काय सांगू... कान तुमचा हाय."

"तरी सांगा."

 "मला तुमच्याशी लई बोलायचंय," तो म्हणाला. "ते तुमाला ऐकू यायला पायजे."

मी गोळी परत दिली.

कान उघडला तो अगदी शेवटी शेवटी, सकाळी दात घासताना. तोवर निम्मी परीक्षा हुकली होती. उरलेली मी हिवाळ्यात तारकर्लीला पुरी केली. तोपर्यंत मराठवाड्यात पाऊस होऊन गेला होता. इतका, की आमच्या विहिरीच्या वरच्या पायऱ्याच तेवढ्या दिसत होत्या. मधल्या सगळ्या महिन्यांत आम्ही फोनवर बोललो. औषधांविषयी फार कमी.

माझा निकाल लागला त्या आठवड्यात तो तारकर्लीला आला. पहिल्यांदाच समुद्र पाहत होता. कमरेएवढ्या पाण्यात मी त्याला चष्मा बांधला, नळीतून श्वास घ्यायला शिकवलं आणि त्याचा हात धरून डोकं पाण्याखाली न्यायला लावलं. आधी तो घाबरला. मग समोरून छोट्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा गेला आणि त्याच्या बोटांची पकड सैल झाली. त्याने माझ्याकडे वळून अंगठा वर केला.

मी त्याला ताबडतोब वर काढलं.

"काय झालं?" तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्हीच वर चला म्हणालात. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ वर जाऊ या."

"मी म्हणत होतो, लई छान हाय."

"त्याची खूण वेगळी असते."

एक लाट आली, आम्हाला थोडं हलवून गेली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती लाल गोल वळ उमटले होते. "अन्... लग्न करशील का, ह्याला काय खूण असती?"

पहिल्यांदाच त्याने मला अगं-तूगं केलं होतं.

"त्याला खूण नसते. तोंडानेच विचारावं लागतं."

"शिवकांता, माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

तो हसला. मग म्हणाला, "तुझे अप्पा..."

"अप्पांना मी सांगितलंय. त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत माझ्याशी. अव्वाशीही नाही." मी हातातलं पाणी खाली सोडलं. "परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, गुडघा लई दुखायलाय, त्या पोराचं दुकान किती वाजता उघडतंय?"

भुजंगने माझ्याकडे पाहिलं. मग किनाऱ्याकडे, जिथे त्याची बॅग आणि बूट ठेवले होते.

"दुकान तर बंद हाय," तो हळूच म्हणाला. "मला उद्या निघावं लागंल."

"निघू," मी म्हणाले. "दोघंही."