भर दुपारी ऐंशी मीटरवर

लिफ्टदुरुस्तीवाला दुपारी जेवायला घरी यायचा, पण ताटावर बसण्याआधी मागच्या खोलीतला रेडिओ लावायचा. हौशी रेडिओवाल्यांचा ऐंशी मीटरचा पट्टा. त्यावर त्या वेळी गावातलीच चार टाळकी जमायची. उन्हाची तक्रार, गुडघ्यांची तक्रार, आणि मग ज्याचं त्याचं ताट. लांबचं कुणी यायचं नाही. सूर्य वर आला की आकाशातला एक थर या पट्ट्यावरचे सिग्नल पिऊन टाकतो. रात्री हाच पट्टा समुद्र ओलांडतो, पण भर दुपारी शे-दीडशे किलोमीटर गाठले तरी डोक्यावरून पाणी. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जहाजावर नोकरीला असलेल्या धाकट्या भावाला त्यानंच शिकवलं होतं.

आणि सोमवारी दुपारी नेमका त्या धाकट्याचाच आवाज आला.

"दादा, ऐकू येतंय का रे? जहाजावरून बोलतोय. आई कशी आहे?"

बारीक होता, पण स्वच्छ. लिफ्टवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली. जहाजावरून म्हणे! जहाज पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, आणि आवाज भर उन्हात ऐंशी मीटरवर? याचा अर्थ एकच. हा पठ्ठ्या इथंच जवळपास कुठंतरी येऊन बसलाय. आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. डोळे दाराकडे लावून "धाकटा आला का?" एवढंच विचारते. आणि हा घरी यायचं सोडून थापा मारतोय!

"कुठं आहेस ते खरं सांग," तो माइकचं बटण दाबून खेकसला.

"सांगितलं ना. इथं काळोख आहे, दादा. काही दिसत नाही."

"दिसेल कसं? लाज कोळून प्यायलास तू!"

त्या चार टाळक्यांतला, दोन गल्ल्या पलीकडचा चष्मेवाला मध्येच बोलला, "अहो, कुणाशी भांडताय? मला तर तुमच्या एकट्याचाच आवाज येतोय."

"जगाचे डोळे तपासता, एकदा स्वतःचे कान दाखवून या," म्हणत त्यानं रेडिओ बंद केला.

बायकोनं जहाज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. "अहो, भाऊजी ड्युटीवर आहेत म्हणतात. जहाज भर समुद्रात आहे."

"त्यांनाही शेंडी लावली असेल त्यानं. लहानपणापासून सवय आहे."

दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट मोठा आला. चष्मेवाल्याला त्या दिवशीही काही ऐकू आलं नाही. लिफ्टवाल्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. महिनाभर पोटात साठलेलं सगळं त्यानं माइकवर ओकलं.

"मी तिची कूस बदलतो. मी तिचे पाय चोळतो. पाणी पाजतो मी, आणि घोट गिळून ती विचारते, धाकटा कुठाय! माझ्याकडे धड बघतसुद्धा नाही रे ती. तुझ्या वाटणीचं कधी करणार तू? ती गेल्यावर?"

खरखरीतून उत्तर आलं.

"येतोय ना, दादा. तू असाच बोलत राहा. म्हणजे मला दिशा कळते."

लिफ्टवाल्याच्या मानेवर काटा आला, आणि काटा आला म्हणून तो आणखीच चिडला. दिशा काय, दिशा त्यालाही काढता येत होती. तिसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून त्यानं छोटा रेडिओ आणि तारेची चौकोनी एरियल स्कूटरवर बांधली. ही एरियल फिरवली की आवाज कुठून येतोय ते कळतं. सापडू दे, कानाखालीच वाजवतो, असं पुटपुटत तो निघाला.

पाण्याच्या टाकीपाशी एरियल फिरवली. आवाज त्याच्या घराकडून येत होता. बस स्टँडवर फिरवली. घराकडूनच. नदीपलीकडे जाऊन फिरवली, तरी तेच.

म्हणजे गल्लीतच लपलाय! तो तसाच घामाघूम परतला. गच्ची पाहिली, जिन्याखाली पाहिलं, गच्चीवरच्या टाकीचं झाकणसुद्धा उचललं. टाकीत पाणी होतं आणि त्यात त्याचं स्वतःचंच लालबुंद तोंड. "अहो, काय हरवलंय?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं. त्यानं तडक मागच्या खोलीत जाऊन रेडिओ लावला आणि माइक ओढला.

"बस झाली लपाछपी! मर्द असशील तर समोर ये!"

"हळू बोल, दादा."

आवाज आता इतका मोठा होता की स्पीकरची जाळी थरथरली. खरखर अजिबात नव्हती.

"आईचा आत्ताच डोळा लागलाय. पाय केवढे गार पडलेत रे तिचे. मी चोळतोय."

त्यानं माइक खाली ठेवला.

स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यानं ते हळूच ढकललं.

खिडकीतून ऊन सरळ पलंगावर पडलं होतं. आई झोपली होती. पायांवरची चादर घोट्यांच्या वर नीट दुमडलेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आईच्या सुजलेल्या तळव्यावर अंगठ्याएवढा खळगा पडला.

भरून आला.

मग थोडा खाली, टाचेकडे, दुसरा पडला.

आई झोपेत हसली. महिन्याभरात ती हसली नव्हती.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. हाताच्या मुठी अजून वळलेल्याच होत्या. मागच्या खोलीतून रेडिओ अगदी हलक्या आवाजात बोलला, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा.

"तू जेवून घे, दादा. मी आहे इथं."