जमालच्या घराचं लोखंडी दार

हुजैफाशेठनं आज्याच्या फोटोवर कप्तानाची टोपी चढवून घेतली आहे. आजा जमाल कसला कप्तान? मालवाहू जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढणारा खलाशी. पण कशेळ्याचं घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं म्हटल्यावर शेठनं त्याला मेल्यावर बढती दिली. मी भिसेगावचा वेल्डर. असल्या माणसाचंही काम करावं लागतं.

मागच्या खोलीला जहाजासारखं लोखंडी दार हवं होतं. भर दुपारी ते बसवलं, आतून लाल रंग मारला. दार ओढणार, तोच शेठच्या चुलत आत्या, बदरुन्निसा फुफी, ओरडल्या, "मिलिंद, आदी इचार रं! आत कोण हाय, तीनदा इचार."

ही जमालनंच घालून दिलेली रीत. लढाईत पाणबुडीनं जहाज फोडलं, तेव्हा भट्टीखान्याचं दार त्यानं लावलं होतं. आत कोणी नव्हतं, तिथंच कामाला असलेला भाऊ आधीच वर गेला होता, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. तो भाऊ म्हणजे फुफींचा बाप. तो परतला नाही. फुफी तेव्हा आईच्या पोटात होत्या. जमालचाचा खरं बोलला का, एवढंच त्यांना जन्मभर जाणून घ्यायचं होतं.

"ही नाटकं पाहुण्यांसमोर करा," म्हणत शेठनं दार आपटून कडी घातली.

आतून ठक... ठक...

"पाइप असंल," शेठ हसला. त्या खोलीत पाइप नाही. पण शेठला स्वतःच्या घरातलं काय ठाऊक असणार!

फुफींनी दाराला कान लावला. "आत... कोण हाय?"

"जमाल... दार उघड रं... मी हाय..."

फुफी दारापासून मागं सरल्या. "चाचा खोटं बोलला."

मी कडी काढली. खोली रिकामी. दारावर आतून घोट्याच्या उंचीवर ओलीची रेघ, वर ताज्या रंगात बोटांचे ओरखडे. ओल चाखली, खारट लागली.

शेठला काळजी रंगाची! दुसऱ्या दिवशी मी रंगाचा पुन्हा हात मारला. रेघ कमरेला होती. तिसऱ्या दिवशी गळ्याला. चौथ्या दिवशी वरच्या चौकटीला टेकलेली, आणि ओरखडा एकही नाही. शेठ खूश, शनिवारी पाहुणे यायचे होते. दार पुन्हा कोणावर लागू नये म्हणून मी कडी कापून पिशवीत टाकली. शेठ आत फोटो काढत राहिला.

अंगणात फुफींपाशी पोचलो, तोच मागं दार धाडकन लागलं. शेठ आतून ठोकू लागला. आणि दारापाशी, जिथं कोणीच नव्हतं, तिथून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आत कोण हाय?... आत कोण हाय?..."

फुफींनी तोंड फिरवलं. "चाचा आता इचारतो!"

मग बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. कडी माझ्या पिशवीत होती.