सात नंबरचा ट्रे

"त्रेचाळीस ट्रे," डॉ. उर्मिला कर्णिक म्हणाल्या. "आणि सगळ्या त्रेचाळीसमध्ये चिखल."

हे त्यांनी चौथ्यांदा सांगितलं होतं. खाजगी गुप्तहेर ममता तावडे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. थेंबात खरंच चिखल होता. तिच्यामागे तिचे उत्तममामा, निवृत्त पोस्टमास्तर, या पायावरून त्या पायावर भार टाकत उभे होते. नवघरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात तीन खुर्च्या होत्या आणि तिन्हींवर खोकी.

उर्मिलाबाईंचा जीव एका एन्झाइममध्ये अडकला होता. मासळी वाळवायच्या जागेतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूचं ते एन्झाइम. मासळीचा कचरा पचवून टाकणारं. पण ते काम कसं करतं हे कळायला त्याचा आकार दिसायला हवा, आणि आकार दिसायला त्याचे स्फटिक व्हायला हवेत. प्रथिनाचा थेंब काचेखाली टांगायचा, खाली द्रावण ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि वाट बघायची. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं. मग रेणूंची मर्जी असेल तर ते रांगेत उभे राहतात. नसेल तर नुसता गढूळ साका, म्हणजे चिखल.

मर्जी एकदाच झाली होती. सोळा मे, शनिवारी लावलेला सात नंबरचा ट्रे. खडीसाखरेच्या कणांसारखे लखलखीत स्फटिक. बाईंनी घाईनं स्वतःच उचलायला घेतले आणि ते तडकले. त्यानंतर तीन महिने तीच कृती, तीच मापं, आणि काही नाही.

"क्ष-किरण यंत्रावर आमची पाळी बारा दिवसांनी आहे. ती चुकली की प्रकल्प बंद. कुणीतरी द्रावणात मुद्दाम काहीतरी मिसळतंय," बाई म्हणाल्या. "द्रावणं फ्लेव्हिया करते. तिला मी घरी बसवलंय. मंगळवारी पोलिसात तक्रार देणार. फक्त पुरावा हवाय."

"सोळा मेचं द्रावणही तिनंच केलं होतं?"

"आणखी कोण करणार? मी पुण्यात होते. गाळ्यावर फोन करून बजावलं होतं, आजच्या आज ट्रे लागलाच पाहिजे."

मामांनी तेवढ्यात झाकणांना लावायच्या ग्रीसमध्ये बोट घातलं होतं. ते बाहेर बेसिनवर गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. ममता बघायला गेली तर मामा साबणाशी झुंजत होते.

"ममे, हा साबण आहे की दगड? घासघास घासतोय, फेसच नाही."

"साबण चांगला हाय," वसाहतीचा वॉचमन कॅजिटन स्टुलावरून म्हणाला. "पानी बोअरचं हाय. त्याच्यात डाळ पन शिजत न्हाय. मी प्यायचं घरून आणतो."

लॅबला पाणी वेगळं यायचं, शुद्ध केलेलं, दर शनिवारी एक कॅन. कॅनच्या गळ्यातली तारखेची चिठ्ठी काढून कॅजिटन तारेत ओवून ठेवायचा. रिकामे कॅन परत देताना भांडण नको म्हणून. ममतानं ती तार जपमाळेसारखी बोटांनी सरकवली. दोन मे. नऊ मे. तेवीस मे. तीस मे. पुढे ऑगस्टपर्यंत एकही शनिवार चुकला नव्हता.

मामांना आता जेवायचं होतं. ममताला निकेतशी बोलायचं होतं.

निकेत हा बाईंचा मदतनीस, सत्तावीस वर्षांचा, डोळ्याखाली काळी वर्तुळं. तो कंटाळून बोलला. द्रावण फ्लेव्हियाचं काम, तो फक्त थेंब टाकतो. मागच्या वर्षी एका बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर मॅडमनी त्याला आठ दिवस गाळ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता इथं कुणी काही विचारत नाही आणि काही सांगतही नाही. "सात नंबर लागला तेव्हा मात्र मॅडमनी पेढे वाटले," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

दुपारी ममता आणि मामा उत्तनला गेले. फ्लेव्हिया डिमेलोचं घर खाडीच्या वाऱ्याला तोंड करून होतं. दारात विहीर, भिंतीवर फोटो. ती रागानं इतकी भरली होती की बसा म्हणायचंही विसरली. तिच्या आईनं मामांपुढे ताट ठेवलं, त्यामुळे मामा तपासातून बाहेर पडले.

"कॅनचंच पानी घेते मी. बाटली तीन वेळा खळबळते. वजनात कणाचा फरक न्हाय," फ्लेव्हिया म्हणाली. "सात वर्षं काम केलं, माझ्या हातनं उचलताना एक स्फटिक तडकला न्हाय, आनि मी विष कालवते?"

ममता फोटोकडे बघत होती. पुढे बँडवाले, मागे लुगडी नेसलेल्या बाया, आणि मधोमध डोईवर घडा घेऊन हसणारी फ्लेव्हिया.

"ट्रॉयचं लग्न. माझा भाव," फ्लेव्हियाचा आवाज जरा सैलावला. "आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पानी आणतात. त्या पान्यानं नवऱ्याला न्हाऊ घालतात. पानी गावचं, तर माणूस गावचा."

फोटोच्या कोपऱ्यात छापलं होतं: सोळा मे.

"मामा," ममता म्हणाली, "भात आवरा."

सोमवारी सगळे गाळ्यात जमले. फ्लेव्हिया दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, तुम्ही विचारताय, त्रेचाळीस ट्रे कुणी बिघडवले. कुणीच नाही. बिघडला होता तो सात नंबरचा."

"सात नंबरलाच तर स्फटिक आले!"

"म्हणूनच. त्या शनिवारी फ्लेव्हिया डोईवर घडा घेऊन गावात नाचत होती. तुम्ही पुण्यात, तिच्या सुट्टीचा तुम्हाला पत्ताच नाही. गाळ्यात एकटा निकेत. आणि कॅजिटनच्या तारेत सोळा मेची चिठ्ठी नाही. म्हणजे त्या दिवशी कॅन आलाच नाही. इकडे तुमचा हुकूम, आजच्या आज. ज्याला एका झाकणासाठी आठ दिवस हाकललं, तो तुम्हाला फोन करून सांगेल, की पाणी नाही?"

निकेतनं मान खाली घातली.

"बेसिनचं घेतलं," तो म्हणाला. "ट्रक घोडबंदरला अडकला होता. वाटलं, हाही ट्रे फुकटच जाईल, कुणाला कळणार नाही. मग स्फटिक आले. मग पेढे. मग कसं सांगू?"

"आणि हिला गुन्हेगार ठरवलं तेव्हा?" मामांनी विचारलं.

"ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, त्यात काहीतरी विरघळलेलं असतं," ममता म्हणाली. "काय, ते मला माहीत नाही. पण तुमच्या एन्झाइमला ते हवंय. फ्लेव्हियाचा गुन्हा एवढाच, की तिनं पाणी चोख वापरलं."

उर्मिलाबाई हळूच खोक्यावर टेकल्या. "कॅल्शियम," त्या पुटपुटल्या. "कॅल्शियमवाचून हे उभंच राहत नसणार. आणि मी तीन महिने माणसं तपासत बसले."

त्यांनी फ्लेव्हियाकडे वळून बघितलं तर दार रिकामं होतं.

चौथ्या दिवशी बोअरच्या पाण्यातल्या थेंबांत कण चमकले. पाचव्या दिवशी चोख पाण्यात मापून कॅल्शियम घातलेल्या थेंबांतही. यंत्राच्या पाळीला पाच दिवस उरले होते. ते नाजूक स्फटिक न तडकता उचलणारा हात उत्तनला होता.

उर्मिलाबाई एकट्याच गेल्या. तक्रारीचा कागद त्यांनी फ्लेव्हियासमोर फाडला. चुकलं म्हणाल्या, तो शब्द त्यांच्या जिभेला नवा होता, दोनदा अडखळला.

फ्लेव्हियानं विहिरीचं पाणी शेंदलं, तांब्या भरून बाईंपुढे धरला आणि त्या शेवटच्या घोटापर्यंत पितात का ते बघत राहिली.

"उद्या येते," मग ती म्हणाली. "पण बाय, निकेतला काढू नका. आता तो खरं बोलायला शिकलाय. तुम्ही ऐकायला शिका."